प्रोस्टेटचा कॅन्सर: कुठला उपचार, कधी आणि किती घाईनं? कोल्हापूरच्या ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात युरॉलॉजीची प्रॅक्टिस करतो. बायोप्सीच्या कागदावर ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’, म्हणजे ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर, हा शब्द आला की घरची मंडळी आधी मोबाईलवर शोधतात, मग पाहुण्यारावळ्यांना विचारतात आणि माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा डोक्यात चार जणांचे चार सल्ले असतात. या पानावर त्यांचेच प्रश्न घेतलेत, जमेल तितके त्यांच्याच शब्दांत. हे वाचून घरीच उपचार ठरवू नका, पण डॉक्टरांना काय विचारायचं हे इथून नक्की घेऊन जा.

डॉक्टर, ऑपरेशन लगेच करून टाकूया का? उद्या-परवा?

बहुतेक घरांतून पहिला प्रश्न हाच येतो. काळजी मला समजते, पण या आजारात घाई कुठं करायची आणि कुठं नाही, हेच आधी ओळखावं लागतं. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली ग्रंथी. गाठ तिच्या आतच असेल तर निर्णयाला काही आठवडे घेतले म्हणून सहसा नुकसान होत नाही. या ग्रंथीचे बरेचसे कॅन्सर संथ गतीनं वाढतात. उलट आजार मणक्यापर्यंत गेलेला असेल, तर मी पेशंटला ‘दिवाळी झाल्यावर या’ असं कधीच सांगत नाही. त्याचे उपचार त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवेत.

म्हणून ‘कुठला उपचार’ या प्रश्नाआधी दोन प्रश्न येतात: आजार कुठवर पोचलाय आणि त्याचा स्वभाव किती तिखट आहे? या दोन्हींची उत्तरं फाईलमध्ये नसतील तर ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

बाबांचं प्रोस्टेट वाढलंय असं सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. त्याचाच पुढे कॅन्सर झाला का?

नाही. वयानुसार प्रोस्टेट वाढणं हा वेगळा प्रकार आहे, त्याचं रूपांतर कॅन्सरमध्ये होत नाही. मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. आणखी एक गैरसमज असा, की दुर्बिणीतून प्रोस्टेट ‘काढलं’ म्हणजे कॅन्सरची भीती संपली. त्या ऑपरेशनमध्ये लघवीच्या वाटेत आलेला आतला भागच कोरून काढतात. बाहेरचा भाग तसाच राहतो, आणि कॅन्सर बहुतेक वेळा त्या बाहेरच्या भागातच होतो.

पीएसए ३८ आलाय. म्हणजे कॅन्सरच ना?

शक्यता आहे, खात्री नाही. पीएसए हे प्रोस्टेटनं तयार केलेलं एक प्रथिन. कॅन्सरमध्ये ते रक्तात वाढतं, तसंच जंतुसंसर्गात, लघवी तुंबल्यावर, नळी घातल्यावर आणि प्रोस्टेट नुसतं मोठं असलं तरी वाढतं. कागलकडचे एक काका असाच आकडा घेऊन आले होते. लघवी अडकली म्हणून रात्री नळी घातली होती, अंगात ताप होता आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी रक्त तपासलं. संसर्गावर औषधं दिली, सहा आठवड्यांनी परत तपासलं, तर आकडा ३ च्या घरात. मधले सहा आठवडे ते घर नीट झोपलं नव्हतं.

उलटी चूकही होते. प्रोस्टेट आकसावं म्हणून फिनास्टेराईड किंवा ड्युटास्टेराईडची गोळी काही महिने चालू असेल तर पीएसए जवळजवळ निम्म्यावर येतो. कागदावरचा ३ म्हणजे खरा ६ असू शकतो. चालू गोळ्यांची पाकिटं तपासणीला येताना बरोबर आणा, ती नुसती दाखवली तरी पुष्कळ कळतं.

सुई घातली की गाठीला हवा लागते आणि कॅन्सर पसरतो म्हणतात. बायोप्सी टाळता येणार नाही का?

हवा लागून कुठलाच कॅन्सर पसरत नाही. ही समजूत कुठून आली असेल याचा मला अंदाज आहे. पूर्वी पोट उघडून बघेपर्यंत आजार पुढे गेलेला असायचा, पेशंट काही महिन्यांत जायचा आणि दोष सुरीवर यायचा. प्रोस्टेटच्या बायोप्सीनं आजार पसरवल्याचं व्यवहारात दिसत नाही. खरा धोका आहे तो संसर्गाचा आणि थोड्याफार रक्ताचा. म्हणून हल्ली बऱ्याच ठिकाणी गुदद्वारातून सुई घालण्याऐवजी त्याच्या पुढच्या कातडीतून घालतात, त्यात संसर्ग कमी होतो.

शक्य असेल तर बायोप्सीआधी एमआरआय करून घ्यावा. संशयाची जागा आधी दिसली तर सुई नेमकी तिथं जाते, आणि काहींना बायोप्सीची गरजच उरत नाही.

ग्लिसन ३+४ आणि ४+३. बेरीज दोन्हीकडे सातच. मग फरक काय?

फरक मोठा आहे. डोनाल्ड ग्लिसन या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनं १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना जितकी विस्कटलेली, तितका आकडा वर. पहिला आकडा सर्वांत जास्त दिसणाऱ्या रचनेचा, दुसरा त्याखालोखालच्या रचनेचा. ३+४ मध्ये सौम्य पेशींचं पारडं जड असतं, ४+३ मध्ये तिखट पेशींचं. ३+३ म्हणजे ६ हा सर्वांत सौम्य, ५+५ म्हणजे १० हा सर्वांत उग्र. हल्ली रिपोर्टवर १ ते ५ असा ‘ग्रेड ग्रुप’ही लिहितात, तो समजायला सोपा आहे.

पीएसए १० च्या आत, ग्रेड ग्रुप १ आणि गुदद्वारातून बोटानं तपासताना फारसं काही न लागणारी गाठ असा पेशंट कमी जोखमीचा. पीएसए २० च्या वर, ग्रेड ग्रुप ४ किंवा ५, किंवा गाठ ग्रंथीच्या बाहेर डोकावत असेल तर जास्त जोखमीचा. मधले ते मध्यम. पुढचं बरंचसं बोलणं या तीन खणांवरच चालतं.

आमच्या वडिलांना ‘सध्या काही करू नका, लक्ष ठेवू’ म्हणाले. कॅन्सर असून गप्प बसायचं?

मला सगळ्यात जास्त वेळ याच उत्तरावर घालवावा लागतो, आणि तो घालवायची माझी तयारी असते.

कमी जोखमीच्या पेशंटला लगेच ऑपरेशन किंवा रेडिएशन न देता नियमित तपासत राहणं हा जगभर मान्य झालेला उपचार आहे. ब्रिटनमध्ये ‘प्रोटेक्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला. पीएसएवरून सापडलेल्या, ग्रंथीपुरत्याच आजाराच्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत विभागलं: एकाला लक्ष ठेवणं, दुसऱ्याला ऑपरेशन, तिसऱ्याला रेडिएशन. १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. प्रोस्टेट कॅन्सरनं झालेले मृत्यू तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होते. लक्ष ठेवलेल्या गटात आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, ९ टक्क्यांच्या वर. उरलेल्या दोन गटांत ते ५ टक्क्यांच्या जवळ होतं. तेव्हा हा मार्ग फुकटचा नाही, पण ऑपरेशनचे आणि रेडिएशनचे त्रास बऱ्याच जणांना टळतात किंवा पुष्कळ वर्षं लांबतात.

गप्प बसणं मात्र यात कुठंच नाही. दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षाला एकदा बोटानं तपासणी, मधूनमधून एमआरआय आणि ठरल्या वेळी पुन्हा बायोप्सी. आजारानं रंग बदलला की उपचार सुरू. पेशंट फेऱ्या चुकवणारा असेल, तर मी हा मार्ग सुचवायला कचरतो. गावाकडं ‘बरं वाटतंय’ म्हणून तीन वर्षं न येणारी माणसं मी बघितली आहेत.

आजोबा ८६ वर्षांचे आहेत, हृदयाची झडपही खराब आहे. त्यांचं ऑपरेशन?

नको. त्यांना काही त्रास होत नसेल तर बायोप्सीच्या मागंही लागू नका. त्रास झाला तर त्या त्रासावर उपचार करता येतो.

ऑपरेशन चांगलं की लाईट?

रेडिएशनला आपल्याकडं कुणी ‘लाईट’ म्हणतं, कुणी ‘शेक’. ग्रंथीपुरत्या आजारात कॅन्सर आटोक्यात ठेवायला दोन्ही तोडीस तोड आहेत. फरक आहे तो त्रासांच्या प्रकारात. ऑपरेशननंतर लघवी गळण्याचा आणि लिंगाची ताठरता जाण्याचा त्रास सुरुवातीलाच होतो, मग काहीसा भरून येतो. रेडिएशनमध्ये सुरुवातीला लघवीची जळजळ आणि शौचाची घाई होते. काहींना काही वर्षांनी शौचावाटे किंवा लघवीवाटे रक्त जातं, आणि ताठरता हळूहळू कमी होते.

पेशंट तरुण, तब्येतीनं धडधाकट, लघवीच्या वाटेत आधीच अडथळा, असं असेल तर माझा कल ऑपरेशनकडं जातो. वय सत्तरीच्या पुढं, हृदयाचा किंवा दम्याचा आजार, भूल देण्याची भीती, असं असेल तर रेडिएशनकडं. मी सर्जन आहे, त्यामुळं माझं मन सुरीकडं झुकणार हे ओळखून असा. निर्णयाआधी रेडिएशनच्या डॉक्टरांनाही एकदा स्वतंत्र भेटा. तसं सांगितल्यावर मला वाईट वाटत नाही, आणि ज्या डॉक्टरांना वाटतं त्यांच्याकडं दोनदा विचार करून जा.

रोबोटनं केलं तरच चांगलं होतं का?

रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, सर्जन त्याचे हात चालवतो. रक्त कमी जातं, माणूस लवकर घरी जातो. पण वर्षभरानं लघवीवरचा ताबा आणि ताठरता किती राहते, हे यंत्रापेक्षा सर्जनच्या हाताच्या सवयीवर जास्त ठरतं. ‘तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत?’ हे थेट विचारा.

ऑपरेशननंतर लघवी कायम गळत राहील का? बाबा म्हणतात, त्यापेक्षा मेलेलं बरं.

त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. या ऑपरेशनमध्ये पूर्ण प्रोस्टेट आणि मागच्या वीर्यपिशव्या काढून मूत्राशय खालच्या नलिकेला जोडतात. एक ते दोन आठवडे नळी राहते. ती काढली की पहिल्या दिवशी बहुतेकांची लघवी गळतेच, आणि नेमक्या त्याच दिवशी माणूस खचतो. पुढं आठवड्या-आठवड्यानं फरक पडतो. बहुतेक जण तीन ते बारा महिन्यांत कोरडे राहू लागतात. खोकताना, ओझं उचलताना थेंबभर जाणं काहींचं राहतं. फार थोड्यांना कायमचा मोठा त्रास उरतो, आणि त्यावरही ऑपरेशन आहे.

तळाच्या स्नायूंचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून सुरू करा. लघवी मधेच रोखताना जो स्नायू आत ओढला जातो, तो हा. तो एकदा ओळखला की मग लघवी करताना हा प्रयोग करत बसू नका. बसल्या जागी पाच सेकंद आवळायचा, पाच सेकंद सोडायचा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. तालमीत हजार बैठका मारलेले एक पैलवान काका माझ्यासमोर हा व्यायाम करायला बसले, तर मांड्या दगडासारख्या आवळल्या, श्वास रोखला, चेहरा लाल झाला, आणि जो स्नायू हलायला हवा तो जागचा हलला नाही. फिजिओथेरपिस्टनं त्यांचा हात त्यांच्याच पोटावर ठेवला, पोट आणि मांडी सैल ठेवून करायला लावलं. तिसऱ्या दिवशी जमलं. मांडी, ढुंगण आणि पोट सैल राहिलं, तरच तुम्ही बरोबर करताय.

हे विचारायला संकोच वाटतो... नवरा-बायकोचे संबंध?

हा प्रश्न बहुतेक वेळा केबिनच्या दाराशी, बाकीचे बाहेर गेल्यावर येतो. कितीदा तरी तो वहिनी विचारतात. ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला चिकटून जातात. त्या वाचवून ऑपरेशन कसं करायचं हे पॅट्रिक वॉल्श या सर्जननी १९८२ मध्ये दाखवून दिलं. गाठ नसांपासून लांब असेल तरच ते करता येतं. नसा वाचवल्या तरी ताठरता परत यायला कधी दोन वर्षंही लागतात. ऑपरेशननंतर वीर्य बाहेर येत नाही, पण सुखाची जाणीव राहू शकते. गोळ्या, पंप, इंजेक्शन असे उपाय आहेत. छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ताठरतेची गोळी जिवावर बेतू शकते, ती दुकानातून परस्पर आणू नका. अजून मूल हवं असेल तर उपचाराआधीच वीर्य साठवण्याबद्दल बोला.

लाईट किती दिवस घ्यायचा? रोज गडहिंग्लजहून येणं जमेल का?

पूर्वी साडेसात-आठ आठवडे यावं लागायचं. आता बऱ्याच पेशंटना २० वेळांत, म्हणजे सोमवार ते शुक्रवार चार आठवड्यांत तोच परिणाम मिळतो. निवडक पेशंटना मोठा डोस देऊन ५ वेळांतही भागतं. कोल्हापुरात रेडिएशनची सोय आहे. प्रत्यक्ष मशीनखाली काही मिनिटंच जातात, दुखत नाही, अंग भाजत नाही, आणि घरी गेल्यावर नातवाला मांडीवर घ्यायला काही हरकत नसते.

एक नियम पाळावा लागतो: मूत्राशय भरलेलं आणि पोट साफ. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाहेर राहतात. एसटीतून उतरून घाईनं लघवीला जाऊन आलात, तर पुन्हा पाणी पिऊन तासभर बसावं लागेल.

मध्यम आणि जास्त जोखमीच्या आजारात रेडिएशनबरोबर पुरुषी हार्मोन तोडणारं इंजेक्शनही देतात. मध्यमला चार ते सहा महिने, जास्त जोखमीला दीड ते तीन वर्षं. ‘लाईट झाला, आता इंजेक्शन कशाला’ म्हणून ते मधेच सोडू नका.

हाडांत गेलाय म्हणतात. आता उपचार करून काय उपयोग?

उपयोग आहे, आणि पुष्कळ आहे. हे वाक्य मला मोठ्यानं सांगावंसं वाटतं, कारण इथंच लोक पेशंटला घरी घेऊन जातात.

हाडांत पोचलेला आजार मुळापासून जात नाही हे खरं. पण हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर, पोसला जातो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं की ते हार्मोन तोडलं की पसरलेला आजारसुद्धा मागं हटतो. या कामासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. आजही पसरलेल्या आजाराच्या उपचाराचा पाया तोच आहे. खाटेवरून उठता न येणारा माणूस दोन-तीन आठवड्यांत अंगणात चालताना मी बघितलाय. अनेक जण त्यानंतर कित्येक वर्षं जगतात, शेतात जातात, नातवंडांची लग्नं बघतात.

आता नुसतं हार्मोन तोडून थांबत नाहीत. पेशंटला झेपत असेल तर सुरुवातीलाच दुसरं औषध जोडतात: अ‍ॅबिराटेरोन, एन्झाल्युटामाईड, अ‍ॅपाल्युटामाईड, डॅरोल्युटामाईड यांपैकी एखादं, किंवा केमो. त्यानं आयुष्य वाढतं हे मोठ्या अभ्यासांत सिद्ध झालंय. हाडांतले डाग मोजके असतील तर प्रोस्टेटला रेडिएशन दिल्यानंही फायदा होतो. तुम्हाला फक्त इंजेक्शन देऊन घरी पाठवलं असेल, तर ‘यासोबत आणखी काही द्यायचं का?’ हे जरूर विचारा.

इंजेक्शन घ्यायचं की अंडकोष काढायचे?

दोन्हींचा परिणाम सारखाच. ल्युप्रोलाईड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शनं महिन्याला, तीन किंवा सहा महिन्यांनी घेता येतात, पण चालू ठेवावी लागतात. पहिल्या इंजेक्शननंतर एक-दोन आठवडे हार्मोन उलट उसळतं, म्हणून सुरुवातीला बायकॅल्युटामाईडची गोळी जोडतात. मणक्यात मोठा आजार असेल तर हे विसरून चालत नाही. डेगारेलिक्स या इंजेक्शनात ही उसळी येत नाही.

अंडकोष काढणं हे छोटं ऑपरेशन आहे, कमरेत किंवा जागेवर भूल देऊन होतं. काही तासांत हार्मोन खाली येतं, पुन्हा खर्च नाही, फेरी नाही. अंडकोषाच्या आतला गाभा काढून बाहेरचं आवरण ठेवताही येतं, म्हणजे पिशवी अगदी रिकामी वाटत नाही.

२०१९ च्या ऑगस्टच्या पुरात शिरोळ तालुक्यातल्या एका आजोबांचं इंजेक्शन तीन आठवडे लांबलं. गाव पाण्यात, गुरं छावणीत, इंजेक्शनची आठवण कुणाला राहणार? पाणी ओसरल्यावर आले तेव्हा पाठ पुन्हा दुखत होती. मी ऑपरेशनचा विषय काढायच्या आधीच ते म्हणाले, “दर तीन म्हैन्याला पंचगंगेचं पाणी बघून यायचं काय? काढून टाका एकदाचं.” मुलगा खाली मान घालून बसला होता. आजोबांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

यात कमीपणा कसलाच नाही. पण ज्याला मनानं हे पटत नाही त्याच्यावर पैशांसाठी लादूही नये. रेडिएशनबरोबर ठरावीक मुदतीसाठी हार्मोन तोडायचं असेल, तर इंजेक्शनच बरं, ते थांबवता येतं.

अ‍ॅबिराटेरोनच्या गोळ्या कशा घ्यायच्या?

उपाशी पोटी. जेवणानंतर किमान दोन तासांनी, आणि पुढं तासभर काही खायचं नाही. जेवणाबरोबर घेतली तर औषध कितीतरी पटीनं जास्त शोषलं जातं. कधी डॉक्टर मुद्दाम कमी डोस नाश्त्याबरोबर द्यायचं ठरवतात, तो निर्णय त्यांचा. सोबतची प्रेडनिसोलोनची छोटी गोळी ‘स्टेरॉईड आहे’ म्हणून परस्पर बंद करू नका. रक्तदाब, पोटॅशियम आणि लिव्हरची तपासणी ठरल्या वेळी करा. देशी कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या आल्यापासून खर्च बराच खाली आलाय. दुकानागणिक दर वेगळे असतात, दोन-तीन ठिकाणी विचारा.

केमोला आम्ही फार घाबरतो.

प्रोस्टेटसाठी बहुतेक वेळा डोसेटॅक्सेल देतात, दर तीन आठवड्यांनी, सुरुवातीच्या पसरलेल्या आजारात सहा डोस. केस जातात, थकवा येतो, पांढऱ्या पेशी उतरतात. पंचाहत्तरीतले काटक शेतकरी ती पार पाडतात. केमो चालू असताना ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, घरी पॅरासिटामॉल देऊन थांबायचं नाही.

सगळं करूनही पीएसए पुन्हा वाढतोय.

आधी कुठल्या उपचारानंतर, ते बघावं लागतं. ऑपरेशननंतर पीएसए जवळपास शून्यावर यायला हवा. तो ०.२ वर गेला तर आजार परत आल्याचं धरतात, आणि तेव्हा लवकर दिलेलं रेडिएशन अनेकांना पूर्ण बरं करू शकतं. रेडिएशननंतर मात्र पीएसए सावकाश उतरतो, मधे थोडा उसळतोही. सर्वांत खालच्या आकड्यावर २ ने वाढला तरच परत आला म्हणतात. त्यामुळं ०.४ चा ०.९ झाला म्हणून रात्र जागून काढू नका.

हार्मोन तोडूनही आजार वाढत असेल तर पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेटचा कॅन्सर शरीरात कुठं कुठं आहे ते दाखवणारा), औषध बदलणं, केमो, ल्युटेशियम हे किरणोत्सारी औषध असे रस्ते आहेत. ब्रॅका जनुकात दोष सापडला तर ओलापॅरिब गोळीचा उपयोग होतो. ल्युटेशियमसाठी सहसा मोठ्या शहरात जावं लागतं.

इंजेक्शन सुरू केल्यापासून बाबा चिडचिडे झालेत, रात्री घामानं भिजतात.

हार्मोन गेल्यामुळं होतं, बायकांना पाळी जाताना होतं तसंच. इच्छा जाते, पोट सुटतं, स्नायू बारीक होतात, साखर वाढते, मन उदास होतं. हाडंही ठिसूळ होतात, हे दिसत नाही म्हणून राहून जातं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोज अर्धा-पाऊण तास चालणं. रंकाळ्याला एक फेरी घालणारे माझे पेशंट घरी बसणाऱ्यांपेक्षा बरे राहतात, आणि वजनं उचलण्याचा हलका व्यायाम त्याहून उपयोगी. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब देण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. किडका दात नंतर काढायला गेलात तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो.

जडीबुटीनं बरा होतो म्हणतात. आणि मटण बंद करायचं का?

अमेरिकेत ‘पीसी-स्पेस’ नावाचं वनस्पतींचं औषध प्रोस्टेट कॅन्सरवर विकलं जात होतं. पीएसए खरोखर उतरायचा. तपासल्यावर त्यात स्त्री-हार्मोनचं रसायन आणि रक्त पातळ करणारं औषध मिसळलेलं सापडलं, आणि २००२ मध्ये ते बाजारातून गेलं. पुडीवर काय लिहिलंय त्यावर विसंबू नका. जे काही घेताय ते मला दाखवा, मी रागावणार नाही.

मटण बंद करायची गरज नाही. रविवारचा तांबडा-पांढरा चालू द्या, रोज नको, आणि वाटीत तेलाचा तवंग कमी. साखर सोडल्यानं कॅन्सर उपाशी मरत नाही. विडी-सिगारेट मात्र बंद.

खर्च कसा झेपायचा?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, आणि कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन, केमो यांचा त्यात समावेश आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. मंजुरी उपचाराच्या आधी लागते. पैसे भरून नंतर परत मिळतील या आशेवर राहू नका. नवी महागडी औषधं सगळीच यात बसत नाहीत, ते आधी विचारून घ्या.

मुंबईला टाटाला जावं का?

दुसरं मत घ्यायला जरूर जा, विशेषतः बायोप्सी पुन्हा तपासून घ्यायला. महालक्ष्मी एक्सप्रेस धरण्याआधी बायोप्सीच्या स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, आणि स्कॅनच्या सीडी बरोबर ठेवा. नुसता छापील रिपोर्ट घेऊन गेलेले पेशंट हेलपाटा घालून परत आलेत. सल्ला तिथला आणि इंजेक्शनं-रेडिएशन इथलं, असंही पुष्कळ जण करतात. परळच्या फुटपाथवर चार महिने काढण्यापेक्षा ते बरं.

आबांना सांगू नका, ते खचतील.

पूर्वी मी मुलांचं ऐकायचो. एका आबांना आम्ही सगळ्यांनी मिळून ‘गाठ आहे, साधी आहे’ सांगितलं. रेडिएशनच्या विभागात गेल्यावर शेजारच्या पेशंटनं त्यांना विचारलं, ‘तुमचा कॅन्सर कुठला?’ ते आजाराला घाबरले नाहीत. पण मुलानं आपल्याला लहान पोर समजलं, हे त्यांना लागलं. त्या दिवसापासून मी ठरवलं: पेशंटला काय आणि किती ऐकायचंय हे मी त्यालाच विचारणार. ‘तुम्हाला सगळं सांगू, की मुलाशी बोलू?’ एवढंच. काही जण म्हणतात, ‘पोराला सांगा.’ तेही मी मानतो. संमतीच्या कागदावर सही त्यांचीच असते, आणि लघवी गळणार की ताठरता जाणार हा सौदाही त्यांच्याच शरीराचा.

आम्ही भावांनी तपासून घ्यायचं का?

वडिलांना किंवा भावाला हा आजार असेल तर तुमची शक्यता साधारण दुप्पट. ४५ च्या आसपास पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोला. घरात आत्या, आई, बहीण यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, कारण ब्रॅका दोष दोन्हींकडं नेतो.

कुठल्या वेळी धावत यायचं?

हाडांत आजार असलेल्या माणसाचे पाय अचानक लटके पडू लागले, चालताना चप्पल निसटू लागली, कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटलं, लघवी-संडासचं भान गेलं, तर मज्जारज्जू दाबला जातोय असं समजा. काही तासांत उपचार मिळाले तर पाय वाचतात, दोन दिवस ‘वात असेल’ म्हणून तेल चोळत बसलात तर बहुधा वाचत नाहीत. लघवी पूर्ण अडकली, लघवीतून रक्ताच्या गाठी जाऊ लागल्या, केमोत ताप आला, तरीही तसंच. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा.